आगर रंगलं

कोपरी, ठाणे
सोमवार, १८ मार्च १९५७

प्रिय नंदा,

हे पत्र हातात पडलं की आधी आडवी हो. खाटेवर नाहीतर खाली सतरंजीवर, पण कुशीवर पडूनच वाच. मध्येच कुणी हाक मारली, पोर रडलं, चुलीवर काही उतू गेलं, तरी उठू नकोस. असं का सांगतो ते शेवटी लिहितो. आत्ता एवढंच सांगतो की तुझ्या या बाळंतपणाची मला भीती वाटते आहे. हे पत्र दगडू आणून देईल. तो मोहन्याच्या कारखान्यात तुझ्या पोपटरावांच्याच खात्यात आहे. दुपारपाळीला जाताना तुझ्या हातात द्यायचं, तुझ्या सासूच्या, रखमाआत्याच्या नाही, असं त्याला बजावलं आहे.

मेहुणीला असलं काही लिहायची आपल्यात रीत नाही. कचेरीत मी दिवसभर लिहितो, पण ते दुसऱ्यांचे अर्ज असतात. स्वतःचं असं कधी लिहिलेलं नाही. पण तू चौथीपर्यंत शिकलीस आणि तुला अक्षर लागतं, म्हणून हे तुलाच लिहितो. तोंडानं सांगायला गेलो तर चार माणसं बसलेली असतात आणि माझी जीभ उचलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझी ताई म्हणायची, यांना बोलतं करायचं म्हणजे विहिरीत पडलेली कळशी काढण्यासारखं आहे, गळ टाकून बसावं लागतं.

ताई बाळंतपणात गेली एवढंच तुला सांगितलं गेलं. तेव्हा तू स्वतः जुळ्यांची बाळंतीण होतीस, म्हणून कुणी जास्त बोललं नाही, आणि पुढे तो विषयच राहिला. चार वर्षं मीही बोललो नाही. आज सगळं लिहितो. त्यासाठी आधी आमच्या आगराविषयी लिहायला हवं, कारण तुमचं माहेर भाताचं, तुम्हाला मिठाची माहिती नाही.

कोपरीच्या पूर्वेला खाडीच्या अंगाला आमचं मिठागर आहे, ते तू पाहिलं आहेस, पण पावसाळ्यानंतर लगेच पाहिलंस. तेव्हा नुसता चिखल आणि बांध असतात. खाडीचं पाणी वाफ्यांत घेतात, ते उन्हानं आटत जातं, घट्ट होतं, आणि मीठ धरायच्या आधी काही दिवस लाल होतं. गेरू कालवल्यासारखं नाही. आधी गुलाबी, मग लाल, कधी अगदी गडद. माझ्या लहानपणापासून मी ते बघत आलो, मला त्यात काही वाटत नसे. लग्नानंतर पहिल्याच फाल्गुनात तुझी ताई, सगुणा, भाकरी घेऊन बांधावर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. भर दुपार होती. तिनं माझ्या आईला विचारलं, इथं कुणी काही मारलं का? आई हसत सुटली. म्हणाली, "हो गो, तुझ्या सासऱ्यानं रेडा कापला. चल, मटण कर." बांधावरची सगळी माणसं हसली. सगुणाही हसली, पण त्या दिवशी ती वाफ्यात उतरली नाही. घरी येताना मला म्हणाली, "एवढं लाल आणि आवाज कसला तो नाही." त्या बोलण्याचा मी तेव्हा काही अर्थ घेतला नाही. पण खरंच, त्या दिवसांत आगरावर आवाज नसतो. वारा पडलेला असतो, पाणी जड असतं, हलत नाही. आभाळसुद्धा त्यात नीट दिसत नाही.

आगर लाल झालं म्हणजे मीठ चांगलं धरणार. त्या दिवशी घरातली मोठी बाई नारळ लाल फडक्यात बांधून बांधावर नेते. घरात कुणी गरोदर असेल तर तिला तिथं बसवून तिची ओटी भरतात, ओटीत मूठभर मीठ घालतात. हे आगरावर बरेच जण करतात. पण आमच्या घरात, माझ्या आजीच्या वेळेपासून, आणखी एक समजूत आहे, आणि ती फक्त बायकांत बोलली जाते. दिवस भरत आलेल्या बाईच्या अंगावर कळ नसताना लाल गेलं आणि आपोआप थांबलं, तर तो शुभ शकुन. पोटातलं आगर रंगलं म्हणायचं. फळ चांगलं धरलं, मुलगा होणार, आणि सुखानं होणार. मग तसाच लाल फडक्यातला एक नारळ बाळंतपण होईपर्यंत दाराच्या चौकटीला टांगून ठेवायचा. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा दाराला नारळ दिसला, पण आगराचा असेल म्हणून मी विचारलं नाही.

सगुणाला सातवा सरला होता. एका सकाळी ती उठली तर पातळ भिजलेलं. पहाटे तिला स्वप्न पडलं होतं की ती लाल वाफ्यातून चालते आहे आणि पाणी कोमट आहे. जाग आली तेव्हा ते स्वप्न संपलं की नाही हे तिला कळेना, असं तिनं मला सांगितलं. आईनं तिला जवळ घेतलं आणि विचारलं, कळ हाय का गो? ती म्हणाली, नाही, काही दुखत नाही. "मग झाला तं," आई म्हणाली, "आगर रंगला. कळ नाय तं काळजी नाय." दुपारपर्यंत थांबलंसुद्धा. आई इतकी आनंदली की तिनं शेजारी गूळ वाटला. तोही मी खाल्ला.

त्या दिवसापासून सगुणेत एक फरक पडला, तो मी कुणाला सांगू शकलो नाही. ती फार शांत झाली. घाबरलेली नव्हे, शांत. चालताना आवाज होऊ नये अशी चालायची. काय होतंय विचारलं की म्हणायची, काही दुखत नाही. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि काहीतरी ऐकत असल्यासारखी बसायची. मी विचारलं, काय ऐकतेस? तर म्हणाली, काहीच ऐकू येत नाही, तेच ऐकते. घरात फिकट माणूस आपण रोज बघत असतो, म्हणून फिकटपणा दिसत नाही. आमच्या रतनला दिसला. ती तेव्हा दहा वर्षांची. म्हणाली, आईचे ओठ मिठासारखे झालेत.

पुढे पुन्हा गेलं, पहिल्यापेक्षा जास्त, आणि पुन्हा थांबलं. या वेळी आवडाबाईला बोलावलं. कोपरीतल्या निम्म्या माणसांना तिनं जन्माला घातलं आहे, मलाही. तिनं पोट चाचपून पाहिलं आणि म्हणाली, पोर आरवा हाय, आडवं पडलंय, अजून वरच तरंगतंय, खाली बसत नाय. मी दारातून म्हटलं, इस्पितळात दाखवून आणू का. तर ती म्हणाली, "तू कचेरीतला, कागद बघ. पोट मी बघते. कळा नाहीत, मग तिथं जाऊन काय दाखवशील?" सगळ्या बायका हसल्या. तिचंही खोटं नव्हतं. तिच्या हातून गेलेल्या सगळ्या बाया कळांनी ओरडत गेल्या होत्या. न ओरडता कुणी जातं हे तिनं पाहिलंच नव्हतं. आम्ही सगळेच दुखण्यावरून दुखणं ओळखणारी माणसं.

मग आगर खरोखरच रंगलं. त्या वर्षी बांधाजवळचा कोपऱ्यातला वाफा सगळ्यांत आधी लाल झाला. आईनं शेजारपाजारच्या बायका बोलावल्या आणि दुपारी सगुणाला ओटी भरायला बांधावर नेलं. ती पायी चालत गेली. मी कचेरीतून जेवायला आलो होतो तो तसाच मागून गेलो. पुरुषांनी जवळ जायचं नसतं, म्हणून वडील आणि मी दुसऱ्या बांधावर उभे. ऊन डोळ्यांत जात होतं. बायका गोल बसल्या होत्या, मध्ये हिरव्या लुगड्यात सगुणा, पाय वाफ्याच्या बाजूला सोडलेले. गाणं चाललं होतं. आईनं तिच्या ओटीत मीठ घातलं, नारळ घातला. मला तिचा चेहरा दिसत होता. तिनं एकदा खाली पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं. हाक मारली नाही, हात उचलला नाही. बायका गात होत्या. बांधावरून काहीतरी ओघळत खाली पाण्यात जात होतं. पण पाणीच लाल होतं, त्यामुळे कुठलं कुठं संपतं ते कळत नव्हतं. बायकांनीही पाहिलं, आणि शकुन झाला म्हणून जोरानं गायल्या. गाणं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. ती एका अंगाला कलली तेव्हा थांबलं. मी धावत पोचलो तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, दुखत नाही हो काही. ती हे मला धीर द्यायला सांगत होती की स्वतःच नवल करत होती, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

घरी आणलं. आवडाबाईनं पिशवीचं तोंड उघडलं का बघते म्हणून आत हात घातला, त्यानंतर जे गेलं ते मी लिहीत नाही. टांग्यातून इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जे करता येईल ते केलं, पण करायला फारसं उरलं नव्हतं. बाळही गेलं. मुलगाच होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बसवून घेतलं. आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हतं की काय झालं, ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. तेच तुला सांगतो. बाळाला पोसणारी वार असते ती पिशवीच्या वरच्या अंगाला चिकटलेली असायला हवी. कधी कधी ती खाली, पिशवीच्या तोंडापाशी नाहीतर तोंडावरच बसते. म्हणजे बाळाच्या वाटेत. शेवटचे महिने लागले की पिशवी खालच्या बाजूला ताणू लागते, आणि तिथली वार थोडी थोडी सुटते. जिथून सुटते तिथून रक्त जातं. आईचं रक्त. कळांशी त्याचा संबंध नसतो, म्हणून दुखत नाही. आपोआप थांबतं, म्हणून बरं झालं असं वाटतं. पण ते परत येतं, आणि बहुधा आधीपेक्षा जास्त येतं. वाट अडलेली असल्यामुळे बाळ खाली बसत नाही, आडवं राहतं. आणि अशा बाईला घरी आतून तपासायचं म्हणजे सुटत असलेली वार बोटानं सोडवायची. त्यांनी सुईणीला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, पहिल्या डागाला आणली असती तर झोपवून ठेवली असती, रक्ताची सोय केली असती, आणि वेळ आल्यावर पोट उघडून बाळ काढलं असतं. मग त्यांनी मला काही विचारलं. बाळंतपणं पाठोपाठ झाली होती का? मी म्हटलं, हो, पाच. मधे कधी पोट पडलं होतं का, पिशवी खरवडून साफ करावी लागली होती का? मी म्हटलं, हो. वय पस्तिशीकडे झुकलं होतं का? हो. कधी पोट कापून बाळ काढलं होतं का, किंवा जुळं होतं का, एवढ्या दोनांनाच मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, यानं होतंच असं नाही, यांतलं काही नसलेल्या बाईलाही होतं, पण अशा बायांत जास्त दिसतं. ते प्रश्न मला पाठ झाले. कुठलीही गरोदर बाई दिसली की ते मनात सुरू होतात. मी कुणाला विचारू शकत नाही, नुसता बघत राहतो. लोकांना वाटत असेल, बायको गेल्यापासून याचं डोकं फिरलं.

बारावं झाल्यावर मी चौकटीचा नारळ काढला. हातात हलका लागला. कानाशी धरून हलवला, आत पाणी नव्हतं. टांगलेला नारळ उन्हानं सुकतो, यात विशेष काही नाही. पण मी तो फोडला नाही, खाडीत सोडला.

तेव्हापासून दर वर्षी तोच कोपऱ्यातला वाफा आधी लाल होतो. वडील म्हणतात तिथं पाणी उथळ आहे, लवकर आटतं. बरोबर आहे त्यांचं. आई भर दुपारी त्या बांधावर जाऊन बसते. मागच्या वर्षी तिला घरी आणायला गेलो तर ती पाण्याकडे बघून हळूच विचारत होती, "काय गो सगुणे, दुखतं का?" आणि थोडं थांबून मान हलवत होती, कुणीतरी नाही म्हटल्यासारखी. मी उभा राहिलो. वारा नव्हता, पक्षी नव्हता. आणि खरं सांगतो नंदा, मीही उत्तर ऐकायचा प्रयत्न केला. काहीच ऐकू आलं नाही. सगुणा जे ऐकत बसायची ते हेच असावं, असं तेव्हा वाटलं. आई आता नारळ बांधत नाही. पण जे तिला कळलं ते कोपरीबाहेर गेलं नाही. रखमाआत्या आमच्याच घरची लेक. आजीची समजूत ती लग्नात मोहन्याला घेऊन गेली, आणि तिला ती मोडल्याचं कुणी सांगितलं नाही.

काल रविवारी मी नेहमीसारखा वर्षाचं मीठ घेऊन तुमच्याकडे आलो. पोतं उतरवताना डोकं कशाला तरी लागलं म्हणून वर पाहिलं. चौकटीला लाल फडक्यातला नारळ. तुमच्या मोहन्यात आगर नाही, खाडी नाही. मग तू पाटावर बसून तांदूळ निवडत होतीस ती मला पाणी आणायला उठलीस. पाटावर डाग होता. तू पाहिलास, आणि पायानं पाट भिंतीकडे सरकवलास, आणि माझ्याकडे बघून हसलीस. म्हणालीस, "दाजी, ताईसारखी फिकट झाले म्हणता होय? काही दुखत नाही मला." मी काहीच म्हटलं नव्हतं, नंदा. तुझा आवाज तिचाच आहे हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं. माझ्या हातून तांब्या सांडला तो त्यामुळे. आत्या म्हणाली, भाचा म्हातारा झाला. आंबिवली स्टेशनावर पोपटरावांना मी सांगू लागलो, तर ते लाजून म्हणाले, "दादा, यंदा आमचा आगर रंगलाय दोनदा. आई जाम खूश हाय." मी म्हटलं, इस्पितळात न्या. ते म्हणाले, कळा कुठं आल्यात? तुझी चार पोरं पाठोपाठची, त्यात जुळं, मधे कल्याणला पिशवी साफ केलेली. सगळे प्रश्न मी गाडीत स्वतःलाच विचारले आणि जवळजवळ सगळ्यांना हो म्हणत ठाण्याला उतरलो. आज सकाळी इस्पितळ उघडल्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला ओळखलं. खाट राखून ठेवली आहे. माझं रक्त तपासून घेतलं, कचेरीतल्या दोघांचंही. उद्या सकाळी इस्पितळाची मोटार घेऊन मी दारात येतो. तोपर्यंत पडून राहा, जड उचलू नकोस, चालू नकोस, आणि आवडाबाईसारखी कितीही चांगली बाई आली तरी तिला आत हात घालू देऊ नकोस. रात्रीतून पुन्हा गेलं तर माझी वाट पाहू नका. पोपटरावांना हे पत्र दाखव आणि मिळेल त्या गाडीनं, निजवून, कल्याणला जवळचं इस्पितळ गाठा. आत्या ओरडेल. तिला सांग, परशुराम वेडा झाला आहे, वेड्याचं ऐकावं लागतं. नको असेल तर नंतर माझ्याशी जन्मभर बोलू नका, मला चालेल. काल निघताना, कुणी बघत नाहीसं पाहून, मी तुमच्या चौकटीचा नारळ हातात धरून कानाशी हलवला होता. त्यात पाणी आहे. मी नीट ऐकलं. म्हणून लिहिलं.

तुझाच, तुझ्या ताईच्या घरचा,
परशुराम